स्टेशनपासून चालत पाच मिनिटं

आमच्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्टेशनांबद्दल बरंच बोलणार आहे आणि परगावचा वाचक उगाच वेळापत्रक शोधत बसायचा. रेल्वे येणार हे मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. मध्ये एकदा मोजणीवाले आले आणि वावरावावरांतून दगड रोवून गेले. मग कुणी म्हणालं मार्ग बदलला, कुणी म्हणालं सगळंच बारगळलं, कुणी म्हणालं पुढच्या दिवाळीला गाडीत बसायचं. दिवाळ्या आल्या नि गेल्या. दगड तेवढे राहिले, आणि तेही जागेवर राहिले नाहीत.

मी बोरी बुद्रुकचा. टोमॅटो आणि कांदा करतो. तेहतीस वर्षांचा झालो तरी माझं लग्न जमत नव्हतं. मुलगी बघायला गेलो की पोहे उत्तम मिळायचे, चहा उत्तम मिळायचा, आणि आठ दिवसांनी निरोप यायचा की मुलीला पुढं शिकायचंय. माझ्यामुळे जिल्ह्यात किती मुली शिकल्या याची कुठं नोंद नाही, नाहीतर माझा सत्कार झाला असता.

शेवटी मंचरच्या शेठनी मनावर घेतलं. शेठचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आणि आवाज तर फारच चांगला. लग्नं जुळवण्याचा त्यांना नाद आहे. जुळलं की बस्ता त्यांच्याच दुकानात बांधला जातो हे खरं, पण ज्यांनी बस्ता दुसरीकडे बांधला त्यांच्याही बारशाला ते जातात. नाद म्हणजे नाद.

त्यांनी कल्याणचं स्थळ आणलं. मुलीचे वडील मूळचे मढचे, माळशेजच्या तोंडाशी त्यांची भातखाचरं आहेत. तरुणपणी घाट उतरून कल्याणला गेले आणि रेल्वेत लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथंच. मुलीशी मी फोनवर बोललो. तिनं विचारलं, "दुपारी काय करता?" आधीच्या मुलींना मी सांगायचो की बाजारभावाचा अभ्यास करतो. का कोण जाणे, हिला सांगितलं, "झोपतो. कांद्याच्या चाळीच्या सावलीत, तोंडावर टॉवेल टाकून." ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "बरं झालं खरं बोललात." त्या दिवसापासून मला ती हवी होती. दुसरी कुणी नाही, तीच.

दोन दिवसांनी शेठच्या दुकानात बसलो असताना तिच्या वडिलांचा फोन आला. शेठच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकासाठी उलगडलेलं शर्टपीस. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "घर टेशनापास्नं किती लांब?" कल्याणला हा प्रश्न नावगावाच्याही आधी विचारतात. शेठनी नुकताच मुलासाठी शहरात फ्लॅट घेतला होता आणि त्या जाहिराती त्यांच्या तोंडात बसल्या होत्या. त्यांनी कापडावरून नजर न हलवता सांगितलं, "स्टेशनपासून चालत पाच मिनिटं!"

मी समोर होतो. फोन हिसकावून घेता आला असता. मी शर्टपीस बघत बसलो.

"येतो मग मी," पलीकडून आवाज आला. "मंचरपास्नं लाइन चालत बघतो."

चालत म्हणजे गाडीतून, असं शेठनी परस्पर ठरवून टाकलं. पाहुणे आले ते पायांत जाड बूट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि पिशवीत लाल-हिरवे बावटे घेऊन. तेव्हा कळलं की ते रेल्वेत नुसते नव्हते, चावीवाले होते. रूळ खालच्या स्लीपरला घट्ट धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या धडधडीनं त्या सैल होतात. चावीवाल्यानं रोज आपला ठरलेला टप्पा चालायचा आणि सैल चावी दिसली की ठोकायची. हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं होतं. आता ते माझं स्थळ ठोकून बघायला आले होते.

"मामा म्हण," शेठ माझ्या कानात कुजबुजले. सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. पण अजून कशात काही नसताना मामा म्हणायचा मला धीर होईना. मी काका म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मला "बोरीवाले" म्हणाले.

सकाळी सहाला आम्ही मंचर सोडलं. शेठ पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्या जैन साधुमहाराजांच्या विहारात ते गावोगाव सोबत चालत जातात, त्यामुळे चालण्याची त्यांना सवय. भीती एकच, सूर्यास्ताच्या आत जेवायला बोरी गाठली पाहिजे. माझी भीती वेगळी होती, ती मी बोललो नाही.

"लाइन कुठंय?" काकांनी विचारलं.

शेठनी बटाट्याच्या वावराकडे हात केला. "ही काय. फक्त रूळ टाकायचे राहिलेत."

बांधाजवळ एक पांढरा दगड होता, त्यावर लाल आकडा. काकांनी त्याला हातोडा मारला, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ढिला हाय." मग खिशातून वही काढून त्यांनी दगडाचा नंबर टिपला आणि चालायला लागले. त्यांची चाल बघण्यासारखी होती. नजर सतत पावलापुढे चार हात, हातोडा खांद्यावर, आणि वावरात नांगरट असो की ऊस, सरळ रेष सुटायची नाही. आम्ही बांधावरून वळसे घेत त्यांना गाठायचो.

कळंबच्या अलीकडे एका मेथीच्या वावरात ते एकदम थांबले, हात आडवा केला आणि म्हणाले, "बाजूला व्हा. गाडी आली."

मी मागं बघितलं. मागं एक म्हैस होती.

"काका, रूळच नाहीत."

"ह्या येळेला गाडी असती," ते म्हणाले. "माझ्या अंगाला कळतं. व्हा बाजूला."

आम्ही तिघं बांधावर एका रांगेत उभे राहिलो. काकांनी हिरवा बावटा धरला. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. "काय झालं वो?"

"गाडी जाऊ देतोय," शेठ म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज आणखी गोड होतो.

बाई भाऱ्यासकट थांबली. मिनिटभरानं तिनं विचारलं, "लई लांबडी हाय का?"

"मालगाडी हाय," काका म्हणाले.

बाईनं भारा या डोक्यावरून त्या डोक्यावर करता आला असता तर केला असता, पण हलली नाही. काकांनी बावटा खाली घेतल्यावर "गेली का?" असं विचारून, डावी-उजवीकडे बघून मगच तिनं वावर ओलांडलं. आजही कधीकधी मला वाटतं, आमच्या लाइनीवरची सगळ्यात शिस्तशीर प्रवासी तीच.

नदी रस्त्याच्या पुलावरून ओलांडावी लागली. रेल्वेच्या पुलाची वाट बघावी असं काकांच्या मनात होतं, पण शेठनी सूर्याकडे बोट दाखवलं.

मंचर पहिलं धरलं तर कळंब हे दुसरं स्टेशन. तिथं एका चहाच्या हॉटेलबाहेर मोजणीचा दगड बाकड्यासारखा आडवा टाकला होता. बसून बसून त्याचा रंग गेला होता. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "वावरात नुसता पडून व्हता राव. हितं निदान लोकांच्या कामाला येतो." पुढं आवाज खाली आणून म्हणाला, "टेशन हितंच व्हणार. म्या आत्तापास्नं सराव करतोय." आणि खरोखरच त्यानं नाकातून "चाऽय गरम" अशी आरोळी दिली. काकांनी डोळे मिटून ऐकली. "कल्याणला चालंल," म्हणाले. मालक आता चहाचे पैसे घेणार नाही असं वाटलं, पण घेतले. शेठना त्यानं वडे आणून दिले. बटाट्याचे वडे शेठच्या पथ्यात बसत नाहीत, म्हणून ते मी खाल्ले.

कळंब सोडल्यावर गडबड झाली. एका ज्वारीच्या वावरात एक्केचाळीस नंबरचा दगड सापडला. बऱ्याच अंतरावर त्रेचाळीस. मधल्या जागी नुसता खड्डा होता, त्यात गवत उगवलेलं.

"बेचाळीस कुठंय?" काका म्हणाले.

शेठ म्हणाले, कुणीतरी नेला असेल. काका म्हणाले, असं कसं नेल? पस्तीस वर्षांत माझ्या टप्प्यातली एक वस्तू हालली न्हाई. ते खड्ड्याभोवती फिरले, हातोड्यानं गवत बाजूला केलं आणि वहीत लिहिलं, 'बेचाळीस गायब.' मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि संपेपर्यंत काढली नाही. बेचाळीस कुठं आहे हे मला माहीत होतं.

नारायणगावच्या शिवेवर तिसरं स्टेशन. तिथल्या दगडाचं भलतंच झालं होतं. लिंबाखाली असल्यामुळे त्याला कुणीतरी शेंदूर लावला, मग कुणी नारळ फोडला, आणि आता त्याच्यावर पत्र्याचं छप्पर होतं. शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलं की देव लई कडक आहे, नवसाला पावतो.

"काय नवस करतात लोक?" मी विचारलं.

"निम्मे म्हणत्यात, रेल्वे माझ्या वावरातनं जाऊ दे, पैका मिळंल. निम्मे म्हणत्यात, जाऊ दिऊ नको, बागायत हाय."

"मग देव काय करतो?"

"त्येच तर," आजोबा म्हणाले. "म्हणून तर रेल्वेचं काय ठरंना."

काकांनी हातोडा उगारला होता, तो हळूच खाली घेतला, बूट काढले आणि हात जोडले. शेठनीही जोडले. मीही जोडले आणि मनात म्हणालो, रेल्वेचं तुला काय करायचं ते कर, मला ती मुलगी दे. देवानं ऐकलं की नाही कळलं नाही. आजोबांनी प्रसाद म्हणून टोमॅटो दिला.

तिथून पूर्वेला वळलो तसे दगड संपले. लाइन आमच्या गावाकडे येतच नव्हती. शेठ "असेल इथंच कुठं" म्हणत पुढं चालले होते, काका वही हातात धरून दगड शोधत होते, आणि मी मागून पाय ओढत होतो. शेवटच्या दोन कोसांत एकही गाडी आली नाही. काकांच्या अंगाला काही कळेनासं झालं असावं.

चारच्या सुमाराला घरी पोचलो. आईनं सकाळपासून बेसनाच्या मासवड्या केल्या होत्या, शेठसाठी कांदा-लसूण न घालता वेगळ्या. ती मोरीपाशी पाहुण्यांसाठी ठेवायचे टॉवेल धूत होती. काकांनी पायांवर पाणी घेतलं, खाली बघितलं आणि बघतच राहिले. आईच्या हाताखालच्या दगडावर साबणाचा फेस होता, आणि फेसाखाली लाल अक्षरांत बेचाळीस.

कबूल करतो. मीच आणला होता. मंचरच्या बाजारात टोमॅटो टाकून रिकामा टेम्पो घेऊन येत होतो, दगड उखडून बांधावर पडला होता, सपाट होता, आणि आईचा धुण्याचा दगड त्याच आठवड्यात फुटला होता. दगड बघून आईला काय वाटेल याचा विचार केला, रेल्वेला काय वाटेल याचा केला नाही.

मी तोंड उघडायच्या आत शेठ गरजले. "बघा! मी पाच मिनिटं म्हणालो होतो. तुमच्या मुलीचं नशीब बघा, दगड थेट घरात! स्टेशन मोरीपासून सुरू!"

काका माझ्याकडे बघत होते. शेठच्या आवाजात दम होता, आणि गप्प राहिलो असतो तर कदाचित निभावून गेलं असतं. पण ती फोनवर म्हणालेली, बरं झालं खरं बोललात.

"काका, स्टेशन नाही," मी म्हणालो. "लाइन इथून जात नाही. जिथून जाते तिथंही येईल की नाही माहीत नाही. दगड मी कळंबवरून उचलून आणला. पाच मिनिटं शेठनी सांगितलं तेव्हा मी समोर होतो आणि बोललो नाही."

आईनं डोक्यावर पदर घेतला आणि दगडावर टॉवेल टाकला.

काका जेवायला बसले. पाच मासवड्या खाल्ल्या. हात धुऊन म्हणाले, "टेशनाचं म्या का इचारलं, ठाव हाय का?"

"सोयीचं पडतं म्हणून," मी म्हणालो.

"माझी बायको मढातनं कल्याणला आली. माहेरी जायचं म्हणलं की तिला माझी वाट बघाय लागायची. घाट, एसटी, संगट कोन. मला सुट्टी मिळंल तवा ती जाणार. आन् मला सुट्टी मिळायचीच न्हाई." त्यांनी नॅपकिनची घडी घातली. "पोरगी टेशनाजवळ दिली की कुणाला इचाराय नको. मनात आलं, गाडीत बसली, आली. नवऱ्याला गाडी काढ म्हणाय नको, सासूला जाऊ का म्हणाय नको. म्हणून इचारलं."

आई दारात उभी होती. तिचं माहेर इथून तीन गावं पलीकडे. ती आत निघून गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

"एसटी कुठं थांबती?" काकांनी विचारलं. "चला, चालत दावा."

फाट्यापर्यंत आम्ही चालत निघालो. काकांनी हातात घड्याळ धरलं होतं आणि चाल मुद्दाम निम्मी केली होती. "कडंवर पोर आन् हातात पिशवी असंल, त्या हिशोबानं," ते म्हणाले. मला अजून होकार नव्हता आणि माझं पोर कडेवर आलं होतं. वाटेत गाव भेटत गेलं. दूध घालायला निघालेला म्हणाला, "पावणं, कुठं निघाला?" पारावरचे चौघं म्हणाले, "आं, लगेच? मुक्काम न्हाई व्हय?" गिरणीतून बाहेर येऊन एकानं विचारलं, "हातुडा कशाला?" एका काकूनं थेट मलाच विचारलं, "भांडण झालं का रं?" काका प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचे आणि एक बोट मिटायचे.

फाट्यावर पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता.

"सात," काका म्हणाले. "माझी पोरगी पिशवी घिऊन निघाली की सात जणांला सांगायचं. कुठं चालली, कशापायी चालली, कवा येनार."

"गाव आहे, काका. ते बंद नाही व्हायचं."

"ठाव हाय. गावाचं न्हाई इचारत म्या. तुमी किती येळा इचारनार?"

शेठ खोकले. म्हणजे काहीतरी दणदणीत बोल. आळेफाट्याची एसटी वळणावर दिसली होती.

"एकदाच," मी म्हणालो. "डबा बांधून देऊ का, एवढंच."

एसटी थांबली. काका चढले. हातोडा आत न्यायचा की नाही यावरून कंडक्टरशी त्यांची थोडी बाचाबाची झाली, मग ते खिडकीशी बसले. माझ्याकडे बघितलंच नाही. घंटी वाजली, गाडी हलली, आणि मग खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"भाजी सुकी द्या!" ते ओरडले. "पातळ सांडती वाटंत!"

शेठनी मला भर रस्त्यात मिठी मारली आणि त्याच दमात विचारलं की बस्ता कधी बांधायचा.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. आज सकाळी ती कल्याणला गेली. का, ते तिनं सांगितलं नाही. मी सुकी मटकी केली, चपात्या केल्या, डबा बांधला. पिशवी फाट्यापर्यंत नेली. वाटेत सात-आठ जणांनी तिला विचारलं कधी येणार, आणि प्रत्येक वेळी मी कान टवकारले. ती म्हणायची, बघू. एसटी आली तेव्हा माझ्याही तोंडात तोच प्रश्न आला होता. मी तो गिळला आणि डबा वर दिला. आता दुपार आहे, चाळीच्या सावलीत टॉवेल तोंडावर टाकून पडलो तर झोप येत नाही. कधी येणार, मला माहीत नाही.